बॅकअप होता, पानं नव्हती

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानच्या महाजनांच्या जुन्या वह्या आम्ही स्कॅन करून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवल्या होत्या. काही पानं मराठीत, काही पोर्तुगीजमध्ये, कडा वाळवीनं खाल्लेल्या. पुढे सर्व्हर बदलला, बॅकअप रिस्टोअर केला. नावं, वर्षं, पान क्रमांक सगळं जागच्या जागी. स्कॅनच्या रकान्यात 24817 हा आकडाही होता. पान मात्र उघडेना, कारण त्या क्रमांकाचं काही डेटाबेसमध्ये नव्हतंच.

हे का होतं ते समजायला थोडं मागे जावं लागतं. पोस्टग्रेस 7.0 पर्यंत टेबलातल्या एका ओळीला साधारण 8 केबीची मर्यादा होती. स्कॅन त्यात मावणार कसा? म्हणून मोठा ऐवज 'लार्ज ऑब्जेक्ट' म्हणून वेगळा ठेवायचा आणि टेबलात फक्त त्याचा क्रमांक, म्हणजे ओआयडी. 2001 मध्ये 7.1 आलं. मोठी मूल्यं तुकडे करून वेगळी ठेवणाऱ्या 'टोस्ट' या सोयीमुळे ओळीची मर्यादा गेली, आणि सगळे लार्ज ऑब्जेक्ट एकाच सिस्टम टेबलात, 2 केबीच्या तुकड्यांनी साठू लागले.

बॅकअपचं दुखणं तरी उरलंच. साध्या एसक्यूएल डंपमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या मजकूर फाइलीत काढलेल्या प्रतीत, लार्ज ऑब्जेक्ट येतच नसत. कस्टम किंवा टार फॉरमॅट घ्यायचा आणि वर 'डॅश बी', म्हणजे लार्ज ऑब्जेक्टही घे, असं सांगायचं. 2005 च्या 8.1 पासून पूर्ण डेटाबेसच्या डंपमध्ये ते आपोआप येतात. पण 'डॅश टी' देऊन ठरावीक टेबलं काढली, तर आजही सुटतात. आमच्या स्क्रिप्टमध्ये नेमकं हेच होतं. यात पीजी-डंपची, म्हणजे डंप काढणाऱ्या साधनाची, चूक मला दिसत नाही. ओआयडी हा त्याच्या लेखी नुसता आकडा. कुठला ऑब्जेक्ट कुठल्या टेबलाचा, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून तर ओळ पुसली तरी ऑब्जेक्ट मागे राहतो आणि 'व्हॅक्यूमएलओ' हे साधन चालवून झाडलोट करावी लागते.

'बाइटिया' या, बाइट थेट रकान्यात ठेवण्याच्या प्रकारात स्कॅन ओळीबरोबरच राहतो, टेबलाच्या डंपमध्येही ओळीबरोबर येतो. साध्या डंपमध्ये तो हेक्समध्ये लिहिला जातो, एका बाइटला दोन अक्षरं, म्हणून फाइल फुगते. मर्यादा 1 जीबी. लार्ज ऑब्जेक्टची 2013 च्या 9.3 मध्ये 2 जीबीवरून 4 टीबी झाली, पण वहीच्या पानाला एवढी जागा कशाला?

जुनी डिस्क सुदैवानं पुसली नव्हती. तिच्यावरून पूर्ण डंप काढला, पानं परत मिळाली, ती बाइटियात हलवली. आता दर महिन्याला बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करतो आणि एखादं पान उघडून वाचतो.