कुंपणावरची शेंग, पाकिटातली गोळी : कंपवाताच्या उपचारांची पार्श्वभूमी

पावसाळा सरला की त्र्यंबक आणि इगतपुरीच्या बाजूला झाडाझुडपांवर चढलेला एक वेल शेंगांनी लगडतो. शेंगा इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या, वरून तपकिरी मखमल पांघरल्यासारख्या. दिसायला देखण्या, पण हात लावला की दिवसभर अंग खाजवत बसायचं. शाळेत वचपा काढायचा असेल तर हीच लव कुणाच्या तरी सदऱ्यात सोडायची, हे गावाकडे वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. ही खाजकुयली. जुन्या नाशकातल्या काष्ठौषधींच्या दुकानात हिचं बी ‘कवचबीज’ म्हणून मिळतं. दुकानदाराला विचारलं तर तो आवाज थोडा खाली आणून ‘शक्तीसाठी’ म्हणतो आणि पुढचं बोलणं टाळतो.

या बियांत लेव्होडोपा नावाचं रसायन असतं. पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, झालेल्या माणसाला डॉक्टर लिहून देतात त्या ‘सिंडोपा’सारख्या गोळीतही तेच असतं. गोळीतलं कारखान्यात तयार होतं, बियांतलं वेल तयार करतो. रेणू मात्र एकच.

आमच्या ओळखीचे एक काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. पेन्शनच्या कागदावरची त्यांची सही जुळत नाही म्हणून बँकेने दोनदा परत पाठवली. सही बदलली नव्हती, आकसली होती. पहिलं अक्षर ठीक, मग प्रत्येक अक्षर आधीच्यापेक्षा बारीक, शेवटचं तर मुंगीएवढं. घरच्यांना वाटलं डोळे गेले. त्याआधी वर्षभर उजवा खांदा जखडला म्हणून शेक देणं चालू होतं. हात थरथरतो आहे हे सगळ्यात शेवटी लक्षात आलं. निदान झालं, गोळी सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात घरात वाद पेटला: ही इंग्रजी गोळी जन्माची मागे लागणार, त्यापेक्षा आपलं आयुर्वेदिक चूर्ण काय वाईट? असा वाद बहुतेक घरांत होतो. तो मुळात कुठे चुकतो ते कळायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

१८१७ साली लंडनच्या हॉक्स्टन भागातल्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने एक छोटा निबंध छापला. विषय, ‘थरथरता लकवा’. त्यात रुग्ण अवघे सहा, आणि त्यातले तिघे त्याने रस्त्यावर पाहिलेले. पुढे वाकून, छोटी छोटी पावलं टाकत, आता पडेल की काय अशा घाईने चालणारी माणसं. एकाला तर त्याने लांबूनच न्याहाळलं होतं. नुसत्या निरीक्षणावर असं काम करणारा हा माणूस जीवाश्म गोळा करायचा, टोपणनावाने सरकारविरोधी पत्रकं लिहायचा आणि राजाला मारण्याच्या एका कथित कटाबद्दल १७९४ मध्ये त्याची चौकशीही झाली होती. उपाय म्हणून त्याने मानेतून रक्त काढायला सुचवलं. ते चुकलं. वर्णन मात्र इतकं नेमकं होतं की आजही त्यात फारसं खोडावं लागत नाही.

नाव अर्धंच बरोबर होतं. हा लकवा नव्हे, कारण स्नायूंतली ताकद जात नाही. आणि सगळेच रुग्ण थरथरत नाहीत. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या शार्को यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे दोन्ही मुद्दे मांडले आणि आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं. शार्कोंच्या कानावर आलं होतं की लांबचा रेल्वेप्रवास केला की या रुग्णांना बरं वाटतं. मग त्यांनी चक्क हादरे देणारी खुर्ची बनवून घेतली. त्या हिशेबाने आपल्या कसारा घाटातल्या एसटीने निम्मा जिल्हा बरा करायला हवा होता! पण शार्कोंनी आणखी एक गोष्ट वापरली ती टिकली. खुरासानी ओवा आणि धोतरा ज्या कुळातले, त्या कुळातल्या वनस्पतींचा अर्क. त्याच मार्गाने काम करणारी ट्रायहेक्सीफेनिडिल ही गोळी अजून लिहिली जाते. कंप कमी करते, पण तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ आणि वयस्कर माणसाला भ्रम, हे सगळं धोतऱ्याच्या घराण्याला शोभेलसं सोबत येतं. सत्तरीच्या पुढच्या माणसाला ही देताना डॉक्टर हात आखडता घेतात तो त्यामुळेच.

आपल्याकडे ‘माधवनिदान’ या ग्रंथात ‘वेपथु’ म्हणून सर्वांगाच्या आणि मस्तकाच्या कंपाची नोंद आहे, आणि कंपवात हा शब्द आज वैद्य आणि रुग्ण दोघेही सर्रास वापरतात. पण ‘आपल्याला हा आजार आधीच ठाऊक होता’ एवढ्यावर छाती फुगवण्यात अर्थ नाही. कंप अनेक कारणांनी होतो. जुन्या नोंदींतला प्रत्येक कंप पार्किन्सन्सच असेल असं नाही.

आजाराचं ठिकाण सापडायला शंभर वर्षं गेली. १९१२ मध्ये लेवी यांना रुग्णांच्या मेंदूतल्या पेशींत गोल गाठी दिसल्या. १९१९ मध्ये त्रेत्याकॉफ यांनी मध्यमेंदूतल्या काळ्या पट्ट्याकडे, म्हणजे कृष्णद्रव्याकडे बोट दाखवलं: या माणसांच्या मेंदूत तो काळा भागच फिका पडलेला असतो. त्या काळच्या मोठ्या लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही.

आणि इथे दुसरी वनस्पती येते, तीही आपलीच. सर्पगंधा. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेचा प्रयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं. ते घेणाऱ्या काही रुग्णांचा रक्तदाब उतरला, पण हालचाली मंदावल्या, अंग ताठरलं, चेहरा कोरा पडला. म्हणजे हुबेहूब कंपवात.

स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी हेच रिसर्पिन सशांना दिलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना लेव्होडोपा टोचलं आणि पाव तासात ससे उठून हिंडायला लागले. हे साल १९५७. त्यातून कार्लसन यांनी दाखवून दिलं की लेव्होडोपापासून शरीरात बनणारं डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र निरोप्या आहे आणि त्याचा साठा रिता झाला की हालचाल थांबते. या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकिविच यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासले आणि त्यांत डोपामिन खरंच फार कमी निघालं. पुढच्याच वर्षी बिर्कमायर यांनी रुग्णांना शिरेतून लेव्होडोपा दिलं. बिछान्यावरून उठू न शकणारी माणसं काही तास चालली.

मग सगळ्यांना लगेच गोळी का नाही मिळाली? याचं उत्तर १९१३ मध्येच एका माणसाच्या पोटाने दिलं होतं. बाझेलच्या मार्कस गुगेनहाइम यांनी बाकल्याच्या शेंगांतून लेव्होडोपा वेगळं केलं, अडीच ग्रॅम स्वतः गिळलं आणि त्यांना जोरदार उलट्या झाल्या. कारण सरळ आहे. पोटात गेलेल्या लेव्होडोपातलं बरंचसं मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच शरीरात डोपामिन होऊन बसतं आणि मळमळ, उलट्या, रक्तदाब उतरणं सुरू होतं. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोट्झियास यांनी अगदी थोड्यापासून सुरुवात करून, हळूहळू मात्रा चढवत हा अडथळा पार केला, पण दिवसाला अनेक ग्रॅम द्यावे लागत. पुढे सोबतीला कार्बिडोपा आलं. ते मेंदूत शिरत नाही, फक्त वाटेतली गळती अडवतं. लेव्होडोपाची गरज त्यामुळे सुमारे पाऊणाने कमी झाली. सिंडोपाच्या पाकिटावर दोन नावं असतात ती ही.

कार्लसन यांच्या सशांच्या खूप आधी, १९३७ मध्ये, मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुयलीच्या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढून त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. किल्ली सापडली होती. कुलूप कुठलं ते कळायला आणखी वीस वर्षं लागली.

आता काकांच्या घरातल्या वादाकडे. ‘चूर्णाने काही होत नाही’ असं म्हणणारा डॉक्टर चुकतो. १९७८ मध्येच मुंबईतल्या संशोधकांनी खाजकुयलीचं बी कंपवाताच्या रुग्णांना देऊन फायदा नोंदवला. २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या छोट्या अभ्यासात ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि जास्त वेळ टिकला. चूर्ण काम करतं. नेमकी भीती तिथेच आहे. ‘ते आयुर्वेदिक आहे, त्याने अपाय होत नाही’ असं समजून माणूस सकाळी गोळी घेतो आणि दुधातून चमचाभर चूर्णही घेतो, म्हणजे एकाच औषधाचा डोस दोनदा घेतो. कोणत्या बियांत किती लेव्होडोपा आहे ते वेलीगणिक बदलतं. डबीवर आकडा नसतो. मग मान आणि हात आपोआप वळवळायला लागतात, उभं राहिल्यावर चक्कर येते, रात्री घरात नसलेली माणसं दिसू लागतात, आणि दोष गोळीला दिला जातो. उलटही होतं. चूर्ण सुरू केलं म्हणून कुणी गोळी एका दिवसात बंद करतो. ही सर्वांत वाईट चूक. अंग लाकडासारखं ताठरतं, ताप चढतो, आणि जिवावरही बेततं.

म्हणून ‘आपलं विरुद्ध इंग्रजी’ हे भांडणच खोटं आहे असं माझं मत. दिंडोरी रोडवर म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ पासून. एमबीबीएस आणि बीएएमएस, दोन्हींच्या परीक्षा तेच घेतं. निदान विद्यापीठाच्या पातळीवर तरी दोघं एका छपराखाली आले आहेत. घरातल्या चहाच्या टेबलावर यायचे बाकी आहेत.

गोळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं सोन्यासारखी जातात. नंतर तिचा असर लवकर ओसरायला लागतो आणि घड्याळ घरावर राज्य करू लागतं. आठची गोळी साडेआठला घेतली तर अंघोळ दुपारवर जाते. जेवणाशीही तिचं वाकडं. डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिनं आतड्यात आणि मेंदूच्या दारात लेव्होडोपाशी धक्काबुक्की करतात, म्हणून गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. वरणभात सोडायची गरज नाही, वेळा सांभाळायच्या. बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष नको, कारण गोळी पुढे सरकलीच नाही तर शोषली कशी जाणार? गंमत म्हणजे बद्धकोष्ठ, वास न येणं आणि झोपेत हातपाय झाडत ओरडणं ही लक्षणं कंपाच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेली असू शकतात. त्याकडे तेव्हा कोण बघतं!

शस्त्रक्रियेची वाटही जुनीच. मेंदूतला ठरावीक भाग जाळून कंप थांबवायचे प्रयोग लेव्होडोपाच्या आधीपासून चालत. १९८७ मध्ये फ्रान्सच्या ग्रेनोबलमध्ये बेनाबीद यांना जाणवलं की जाळण्याऐवजी तिथे सतत विजेचे बारीक ठोके दिले तरी कंप थांबतो, आणि हवं तेव्हा बंदही करता येतं. तीच आजची डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन. ज्याला गोळी लागू पडते पण तिचे चढउतार असह्य झालेत, अशाला तिचा उपयोग. ज्याला गोळीच लागू पडत नाही त्याला तिचाही बहुधा नाही.

एक गोष्ट मात्र निदानाआधीच विचारायला हवी: आधीपासून काय चालू आहे? चक्करेवरची सिनॅरिझिन, ॲसिडिटीच्या गोळीत जोडून येणारं लेव्होसल्पिराइड, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड ही औषधं महिनोन् महिने घेतली तर सर्पगंधेने जे केलं तसाच नकली कंपवात होऊ शकतो. बंद केल्यावर पुष्कळदा तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. चिठ्ठी न दाखवता वर्षानुवर्षं तीच गोळी मागणारे आणि देणारे आपल्याकडे कमी नाहीत.

निफाड-पिंपळगावकडच्या बागायतदारांचा प्रश्न वेगळा असतो: फवारणीने हे होतं का? १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुणांना चोरट्या अमली पदार्थाच्या इंजेक्शनातून, त्यात मिसळलेल्या एमपीटीपी या रसायनामुळे, काही दिवसांत पूर्ण कंपवात झाला. शरीरात एमपीटीपीपासून तयार होणारं विष पॅराक्वाट या तणनाशकाशी रचनेने मिळतंजुळतं आहे. त्यानंतर अनेक अभ्यासांत काही तणनाशकं-कीटकनाशकं आणि हा आजार यांचा संबंध आढळला. अमुक शेतकऱ्याला अमुक फवारणीमुळेच झाला असं त्यावरून म्हणता येत नाही. हातमोजे आणि मास्क न घालता पंप पाठीवर घेणं थांबवायला मात्र एवढं पुरेसं आहे. आनुवंशिकतेचा भागही आहेच. १९९७ मध्ये एका इटालियन वंशाच्या कुटुंबात अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष सापडला, आणि लेवींच्या त्या गाठी याच प्रथिनाच्या असतात हेही त्याच वर्षी कळलं. आपल्याकडे मुंबईच्या पारशी वसाहतींत दारोदार जाऊन केलेल्या, १९८८ मध्ये छापलेल्या पाहणीत लाखामागे ३२८ रुग्ण निघाले होते. तो समाज वयस्कर, हे त्यामागचं एक कारण.

पेशींची झीज थांबवणारं औषध आजही नाही. जे आहे ते सगळं लक्षणांवरचं. व्यायामाचा उपयोग मात्र नक्की होतो, आणि तालाचा तर फारच. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार रुग्णांना घेऊन नृत्याचे वर्ग चालवत आले आहेत ते उगाच नव्हे. काका दाराच्या उंबऱ्यात खिळल्यासारखे उभे राहायचे, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. ढकललं की तोल जायचा. फिजिओथेरपिस्टने बैठकीपासून न्हाणीघरापर्यंत फरशीवर हातभर अंतराने रंगीत चिकटपट्ट्या लावायला सांगितल्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल उचललं जातं. सपाट फरशीवर जे जमत नाही ते रेघेवर जमतं, कारण तेव्हा मेंदू दुसऱ्या वाटेने काम करतो.

आणि चूर्णाचं? पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी काकूंना सांगितलं, ‘ती डबी घेऊन या. रोज किती चमचे, किती वाजता, लिहून आणा. रागावणार नाही.’ काकूंनी डबी आणली. आत होतं कवचबीज, अश्वगंधा आणि खडीसाखर. डॉक्टरांनी कागदावर गोळीच्या वेळांशेजारी चूर्णाची वेळही मांडली, आणि मग त्यातली कोणती काढायची ते तिघांनी मिळून ठरवलं.