अंटार्क्टिकाच्या बर्फाळ समुद्रातले मासे

अंटार्क्टिका खंडाभोवतीच्या दक्षिण महासागरात किनाऱ्यालगतच्या पाण्याचं तापमान बहुतेक काळ शून्याच्या खाली असतं, आणि रॉस समुद्राच्या टोकाला असलेल्या मॅकमर्डो साउंडमध्ये तर जवळपास वर्षभर उणे १.९ अंश सेल्सिअस, म्हणजे समुद्राचं खारं पाणी जिथे गोठायला लागतं बरोबर त्याच रेषेवर. साध्या समुद्री माशाच्या रक्तात मीठ समुद्रापेक्षा बरंच कमी असतं, त्यामुळे ते उणे ०.८ च्या आसपासच गोठतं. म्हणजे आपल्याकडचा बांगडा तिथे नेऊन सोडला तर पाणी वाहतं राहील आणि मासा गोठेल. तरीही त्या पाण्यात मासे आहेत, भरपूर आहेत, काही तर थेट बर्फाच्या खालच्या बाजूला स्फटिकांच्या फटींत राहतात. ते कसं जमतं आणि त्याची काय किंमत मोजावी लागते, या दोन गोष्टींवर ही नोंद आहे. किंमतीवर मुद्दाम जोर देतोय, कारण या माशांबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात 'निसर्गाचा चमत्कार' छाप कौतुकच जास्त असतं.

तिथले बहुतेक मासे एकाच गटातले, नोटोथेनिऑइड नावाच्या. खंडाच्या उथळ किनारपट्टीवर माशांचं एकूण वजन धरलं तर साधारण ९० टक्के वाटा या एकाच गटाचा भरतो, असा प्रकार जगात दुसऱ्या कुठल्या मोठ्या समुद्रात नाही. कारण भूगोलात आहे. साधारण ३ ते ३.५ कोटी वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यात ड्रेक पॅसेज उघडला, खंडाभोवती गोल फिरणारा प्रवाह तयार झाला, उत्तरेकडचं गरम पाणी येणं कमी झालं आणि समुद्र हळूहळू थंड होत गेला. जुने मासे एकतर संपले नाहीतर निघून गेले, आणि तळाशी राहणाऱ्या एका मामुली माशाच्या वंशजांना सगळं घर मोकळं मिळालं. या पूर्वजाला पोहायची हवेची पिशवी नव्हती, त्यामुळे आजही या गटातल्या कुणालाच ती नाही. मग ज्यांना तळ सोडून वर मधल्या पाण्यात यायचं होतं त्यांनी दुसरे मार्ग काढले, हाडं हलकी केली, अंगात चरबी साठवली. अंटार्क्टिक सिल्व्हरफिशच्या अंगात तर चरबीच्या वेगळ्या थैल्याच असतात, आणि १०० किलोच्या वर जाणारा अंटार्क्टिक टूथफिश असाच चरबीच्या जोरावर पाण्यात तरंगतो.

रक्त गोठत का नाही

या प्रश्नाची पहिली नीट तपासणी अंटार्क्टिकात नाही तर उत्तरेला कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावर झाली. १९५० च्या दशकात पेर शोलांडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेब्रॉन फ्योर्डमधले खोल पाण्यातले मासे तपासले तेव्हा दिसलं की त्यांचं रक्त त्या पाण्यात खरं तर गोठायलाच हवं, पण खोलवर बर्फाचा कणच नाही म्हणून ते गोठणबिंदूच्या खाली असूनही पातळ राहतं. त्याच माशांना थंड पाण्यात बर्फाचा स्पर्श केला की ते बघता बघता गोठून मरायचे. थोडक्यात ते मासे उधारीवर जगत होते. उथळ पाण्यातले मासे मात्र हिवाळ्यात बर्फाला लागूनही जिवंत राहत होते, म्हणजे त्यांच्या रक्तात आणखी काहीतरी होतं.

ते काहीतरी काय हे आर्थर डिव्रीज या तरुण अमेरिकन संशोधकाने मॅकमर्डोला शोधलं. बर्फाला भोक पाडून मासे पकडायचे, रक्त काढायचं, त्यातले क्षार बाजूला करायचे आणि उरलेलं तपासायचं, असं ते काम. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने दाखवलं की या रक्तात साखरेचे रेणू जोडलेलं एक प्रथिन आहे, तेच गोठणं रोखतं. त्याला अँटिफ्रीझ ग्लायकोप्रोटीन म्हणतात. रचना अगदी साधी, जवळजवळ कंटाळवाणी म्हणावी अशी: थ्रिओनिन आणि दोन अॅलानिन, हेच तीन अमिनो आम्लांचं तुकडं पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक थ्रिओनिनवर एक छोटी साखर. छोट्या-मोठ्या लांबीचे असे आठ प्रकार ठरवले गेले.

नावामुळे गैरसमज होतो की हे गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तसलं काहीतरी असेल. तसं नाहीये. गाडीतलं कूलंट किंवा मीठ पाण्यात जेवढं जास्त विरघळवाल तेवढा गोठणबिंदू खाली जातो, तिथे रेणूंची संख्या मोजली जाते. हे प्रथिन संख्येच्या हिशोबाने जेवढं काम करायला हवं त्याच्या कितीतरी पट जास्त करतं, कारण ते पाण्याशी नाही, बर्फाशी भिडतं. बर्फाचा बारीक स्फटिक तयार झाला की हे रेणू त्याच्या पृष्ठभागावर जागोजागी चिकटतात, मग बर्फाला वाढायचं तर दोन रेणूंच्या मधल्या फटीतून फुगवटे काढतच वाढावं लागतं, आणि असा वक्र पृष्ठभाग वाढवायला आणखी थंडी लागते, समुद्र तेवढा थंड होतच नाही, त्यामुळे स्फटिक आहे तिथेच अडकून पडतो. म्हणजे बर्फ शरीरात येत नाही असं नाहीच, तो येतो, गिळलेल्या पाण्यातून, कल्ल्यांतून, कातडीतून, आणि राहतो. माशांच्या प्लीहेत असे स्फटिक सापडलेत.

इथे एक गंमत आहे, खरं तर त्रासच म्हणायला हवा. हे प्रथिन बर्फाला वाढू देत नाही तसंच वितळूही देत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात पॉल चिको, डिव्रीज, ची-हिंग क्रिस्टिना चेंग वगैरे मंडळींनी दाखवलं की उन्हाळ्यात पाणी थोडं गरम झालं तरी माशाच्या आतला बर्फ अपेक्षित वितळणबिंदूच्या वर जाऊनही तसाच राहू शकतो, आणि मॅकमर्डोच्या पाण्याच्या कित्येक वर्षांच्या तापमान नोंदी बघितल्या तर तो नक्की वितळेल एवढं पाणी कधी तापलेलंच दिसत नाही. म्हणजे काही मासे आयुष्यभर अंगात बर्फ घेऊन फिरत असतील. त्याने रक्तवाहिन्यांना इजा होते का वगैरे प्रश्न त्यातून निघतात.

प्रथिन बनतं कुठे? बरीच वर्षं यकृतात असं धरून चालले होते, पुढे याच चेंग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की मुख्य कारखाना स्वादुपिंड आहे. तिथून ते आधी आतड्यात जातं, जे बरोबरच आहे कारण बर्फ सगळ्यात जास्त पोटातच जातो. लघवीवाटे वाया जाऊ नये म्हणून यातल्या बऱ्याच माशांच्या मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या गाठीच नाहीत. आणि जनुक कुठून आलं तर पचनाच्या ट्रिप्सिनोजेन या एन्झाइमच्या जनुकातून, त्याची दोन टोकं ठेवून मधल्या डीएनएच्या नऊ अक्षरांच्या तुकड्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या काढल्या गेल्या. हे १९९७ चं संशोधन. उत्तर ध्रुवाकडच्या आर्क्टिक कॉडमध्येही जवळजवळ तेच प्रथिन असतं, पण ते जनुक पूर्णपणे वेगळ्या मुळातून आलेलं, आधी ज्याला काही काम नव्हतं अशा डीएनएतून. दोन ध्रुवांवर, नात्याने लांबच्या माशांनी, वेगवेगळ्या सामानातून एकच वस्तू बनवली. उत्क्रांतीच्या पुस्तकांत हे उदाहरण नेहमी येतं आणि यायलाच हवं.

पांढऱ्या रक्ताचे मासे

नोटोथेनिऑइडांमधलं एक कुटुंब आणखी पुढे गेलं, किंवा मागे, तुम्ही कसं बघता त्यावर. आइसफिशच्या १६ जाती आहेत आणि त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन नाही. जगातल्या सगळ्या पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत प्रौढ वयातही हिमोग्लोबिन नसलेले हे एवढेच. रक्त तांदळाच्या निवळीसारखं दिसतं, कल्ले मलईच्या रंगाचे, अंगावर खवले नाहीत, लहान वयात तर शरीर जवळजवळ आरपार. नॉर्वेच्या व्हेल पकडणाऱ्या खलाशांना हे मासे माहीत होते, ते 'रक्त नसलेला मासा' म्हणायचे. डिटलेफ रुस्टाड या प्राणिशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये बूवे बेटाजवळ असा मासा पकडून त्याचं रक्त रंगहीन असल्याची नोंद केली. योहान रूड या दुसऱ्या नॉर्वेजियनाने खलाशांकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला ती थट्टाच वाटली होती, पुढे त्यानेच साउथ जॉर्जियाला जाऊन रक्त तपासलं आणि १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं.

मग ऑक्सिजन कसा पोचतो? थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, तो कल्ल्यांतून रक्तात येतो आणि नुसताच विरघळून फिरतो. पण अशा रक्ताची ऑक्सिजन वाहायची क्षमता लाल रक्ताच्या भाऊबंदांच्या तुलनेत दहा टक्क्यांच्या आसपास. ती कमी भरून काढायला हृदय मोठं, रक्तवाहिन्या रुंद, रक्ताचं प्रमाण दोन ते चार पट. हृदय सतत भरपूर रक्त ढकलत राहतं आणि शरीराच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा त्यातच जातो. १६ पैकी सहा जातींनी तर हृदयातलं मायोग्लोबिनही, म्हणजे स्नायूंत ऑक्सिजन धरून ठेवणारं प्रथिनही, गमावलंय.

पूर्वी याचं स्पष्टीकरण असं द्यायचे की रक्त पातळ झालं म्हणजे थंडीत ढकलायला सोपं, म्हणून फायदा. ब्रूस सायडेल आणि क्रिस्टिन ओब्रायन यांनी २००६ मध्ये याच्या विरोधात मांडणी केली: हिशोब लावला तर एकूण खर्च वाढलाय, कमी झालेला नाही. हिमोग्लोबिन ज्या दोन प्रकारच्या साखळ्यांनी बनतं त्यांपैकी बीटा ग्लोबिनचं जनुक गेलं, अल्फाच्या जनुकाचा तुटका तुकडा उरला, ही एक दुर्घटना होती, आणि ती खपून गेली ती पाणी एवढं थंड, ऑक्सिजनने भरलेलं आणि स्पर्धा कमी म्हणून. मला हीच मांडणी पटते. गरम समुद्रात असा मासा पहिल्याच पिढीत संपला असता.

थंडीला चिकटून राहण्याचा तोटा इतर जातींतही दिसतो. ट्रेमॅटोमस नावाच्या माशांना पाणी ६ अंशांच्या आसपास नेलं की ते मरतात, हे १९६७ मध्येच नोंदवलंय. गरमीचा धक्का बसला की पेशी संरक्षक प्रथिनं बनवतात, ही माशांपासून माणसांपर्यंत सगळीकडे असलेली सोय, पण ट्रेमॅटोमस बर्नाकीमध्ये ती प्रतिक्रिया उठतच नाही. बाकी पेशींच्या आवरणात असंतृप्त चरबी जास्त, म्हणजे थंडीत आवरण ताठरत नाही, आणि डोळ्याचं भिंगही असं की टूथफिशच्या भिंगात उणे १२ अंशांपर्यंतही धुकं धरत नाही, जिथे गाईचं भिंग साध्या फ्रीजच्या थंडीत पांढरं पडतं.

घरटी, आइस्क्रीम आणि मासेमारी

फेब्रुवारी २०२१ मध्ये जर्मनीचं 'पोलारस्टर्न' जहाज वेडेल समुद्रात कॅमेरा ओढत चाललं होतं, फिल्श्नर हिमस्तराजवळ, साधारण ४२० ते ५३५ मीटर खोलीवर. तळ दिसायला लागला तर घरटीच घरटी, थांबायला तयार नाहीत. ही योनाज आइसफिश या जातीची, प्रत्येक घरटं पाऊण मीटर रुंद, मधे खड्डा, त्यात दीड-दोन हजार अंडी आणि बहुतेकांवर एक मासा राखण करत बसलेला. आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या ऑटन पर्सर आणि सहकाऱ्यांनी अंदाज मांडला तो २४० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ६ कोटी घरट्यांचा. त्या जागी तळाचं पाणी आजूबाजूपेक्षा जरा गरम असतं.

माणसाच्या कामाचं म्हणाल तर अँटिफ्रीझ प्रथिनाचा वेगळा प्रकार, उत्तर अटलांटिकच्या ओशन पाउट माशातला, यीस्टकडून बनवून घेऊन आइस्क्रीममध्ये वापरला जातो, बर्फाचे मोठे खडे होत नाहीत आणि चरबी कमी घालूनही चालतं. माशापासून काढत नाहीत, तेव्हा शाकाहारी मंडळींनी घाबरायचं कारण नाही असं कंपन्या सांगतात, पुढचं ज्याचं त्याने ठरवावं.

टूथफिशच्या दोन जाती महागड्या हॉटेलांत 'चिलियन सी बास' नावाने विकल्या जातात. त्यातली पॅटागोनियन जात जरा उबदार पाण्यातली आहे आणि तिच्यात अँटिफ्रीझ नाही. या भागातली मासेमारी १९८२ पासून अंटार्क्टिक सागरी जीवसंपदा संवर्धन आयोगाच्या नियमांखाली येते, भारतही त्याचा सदस्य आहे आणि आपलं अंटार्क्टिकाचं काम गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतं. आयोगात निर्णय एकमताने लागतो. रॉस समुद्राचं संरक्षित क्षेत्र २०१६ मध्ये मंजूर झालं, पण घरटी आहेत त्या वेडेल समुद्राचा प्रस्ताव त्याच सुमारास मांडला जाऊनही वर्षानुवर्षं अडकून राहिला.