रिसेंटमधून ॲप सरकवण्याची सवय आली कुठून?

चालू ॲप बंद कोणी करायचं, या प्रश्नाला अँड्रॉइडने सुरुवातीला सरळ उत्तर दिलं होतं: फोनने. 2008 च्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये रॅम होती 192 एमबी. एवढ्याशा जागेत भागवायचं म्हणून ॲप पडद्यामागे जातानाच आपली स्थिती नोंदवून ठेवेल आणि मेमरी कमी पडली की सिस्टिम त्यातलं सर्वात कमी गरजेचं ॲप स्वतःच संपवेल, अशी रचना केली गेली. होम बटण दाबून धरल्यावर अलीकडची ॲप, म्हणजे ‘रिसेंट’ची यादी, दिसत असे, पण तिथे बंद करण्याची सोयच नव्हती.

लोकांच्या हाताला मात्र वेगळी सवय होती. सिम्बियनवर, म्हणजे नोकियाच्या जुन्या फोनमधल्या सिस्टिमवर, मेन्यूचं बटण दाबून धरायचं, चालू ॲपची यादी आली की ‘सी’ बटणाने एकेक बंद करायचं. त्यामुळे नव्या फोनवर रॅम भरलेली दिसली की जीव घाबरा व्हायचा. 2009-10 मध्ये टास्क किलर, म्हणजे चालू ॲप मारून टाकणाऱ्या ॲपचं पीक आलं ते यातूनच. मारलेली सर्व्हिस (ॲपचा पडद्यामागे चालणारा भाग) थोड्या वेळाने पुन्हा उठायची, टास्क किलर तिला पुन्हा मारायचा, आणि या झटापटीत बॅटरी खर्च व्हायची. मे 2010 च्या अँड्रॉइड 2.2 आवृत्तीत दुसऱ्याचं ॲप पूर्ण थांबवण्याचा जुना मार्ग काढून टाकला आणि फक्त पडद्यामागच्या प्रोसेस (ॲपची चालू कामं) मारण्याची परवानगी ठेवली. त्याच वर्षी आयफोनला मल्टिटास्किंग मिळालं, तेही गाणी, लोकेशन, इंटरनेट कॉल अशा मोजक्याच कामांपुरतं.

मग 2011 च्या अखेरीस अँड्रॉइडची 4.0 आवृत्ती आली. रिसेंटमध्ये स्क्रीनची छोटी चित्रं आणि ती बाजूला सरकवून काढायची सोय. पत्त्याच्या पानासारखं दिसणारं ॲपचं कार्ड वर भिरकावून ते बंद करायची पद्धत 2009 मध्येच वेबओएस या पामच्या सिस्टिमच्या फोनवर आली होती. तिथे कार्ड म्हणजे खरोखर चालू असलेलं ॲप. अँड्रॉइडच्या यादीत मात्र कधीच संपलेली ॲपही दिसतात. दिसायला दोन्ही सारखंच, आणि माझ्या मते सगळा घोळ इथे झाला. जी यादी फक्त ये-जा करण्यासाठी होती, ती झाडलोटीची जागा झाली.

मूळ अँड्रॉइडवर सरकवल्याने टास्क यादीतून जाते, पडद्यामागची प्रोसेसही संपू शकते. पण लावलेला अलार्म वाजतो, मेसेज येतो. सेटिंगमधलं ‘फोर्स स्टॉप’ ही निराळी गोष्ट. 3.1 आवृत्तीपासून फोर्स स्टॉप केलेलं ॲप आपण ते पुन्हा उघडेपर्यंत गप्प राहतं. पुढे काही फोन कंपन्यांनी बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली हा फरकच पुसला. त्यांच्या फोनवर रिसेंटमधली सगळी ॲप एकदम काढणारं ‘क्लिअर ऑल’ दाबलं की औषधाची आठवण करणारं ॲपही फोर्स स्टॉप होतं. सकाळची गोळी चुकते आणि दोष ॲप बनवणाऱ्याच्या माथी येतो. मग ऑटोस्टार्ट (ॲपला आपोआप सुरू व्हायची मुभा) चालू करा, बॅटरीचे निर्बंध काढा, ॲप साफ होऊ नये म्हणून रिसेंटमध्ये कुलूप लावा. ही खटपट वापरणाऱ्याच्या गळ्यात मारणं साफ चूक आहे. शिवाय सतत सरकवून हाती काय लागतं? तयार असलेलं ॲप पुन्हा पहिल्यापासून उभं करावं लागतं, त्यालाही बॅटरी लागतेच.

मूळ सिस्टिमनेही दरम्यान लगाम आवळला. 2015 मध्ये 6.0 सोबत डोझ आला: फोन नुसता पडून असला की पडद्यामागची कामं एकत्र करून मधूनमधून उरकायची. 2016 च्या 7.0 मध्ये दोन ॲप शेजारीशेजारी उघडता येऊ लागली, आणि त्याच आवृत्तीत ‘क्लिअर ऑल’ही मूळ अँड्रॉइडमध्ये आलं. म्हणजे ज्या सवयीची गरज नव्हती, तिला अधिकृत बटण मिळालं! 8.0 ने पडद्यामागच्या सर्व्हिसवर मर्यादा घातल्या, 9 ने वापरानुसार ॲपचे गट पाडले.

जे बटण आधी हवं होतं ते 2022 मध्ये 13 व्या आवृत्तीत आलं. नोटिफिकेशनचा पडदा खाली ओढला की खरोखर काम करत असलेली ॲप तिथे दिसतात आणि प्रत्येकासमोर ‘स्टॉप’ असतं. पुढच्याच वर्षी 14 व्या आवृत्तीने इतर ॲपच्या प्रोसेस मारण्याचा उरलेला मार्गही बंद केला. रॅम साफ करून देतो म्हणणारं बाहेरचं क्लीनर ॲप आता त्या मार्गाने फक्त स्वतःच्याच प्रोसेस मारू शकतं.