नाव आठवत नाही, की भेटच आठवत नाही?

ठाण्याच्या तलावपाळीवर फेरी मारणाऱ्या ज्येष्ठांची ठरलेली तक्रार असते : ‘हल्ली नावं आठवत नाहीत.’ समोरचा कोण, कुठल्या बँकेत होता, सगळं ठाऊक. नाव तेवढं ओठांवर अडतं आणि अर्ध्या तासाने आपसूक आठवतं. साठीनंतर हे चालायचंच. काल जावई येऊन गेले हेच पुसलं गेलं, आणि ‘अहो, ते आंबे नाही का घेऊन आले?’ असं सांगूनही काही हाती लागत नसेल, तर मात्र दखल घ्यावी.

नवी आठवण पक्की करण्याचं काम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचं. म्हातारपणी तो वर्षाला एक-दीड टक्का आक्रसतो; अल्झायमर या स्मृती पोखरणाऱ्या आजारात तीन ते पाच टक्के. म्हणून कालचं जेवण नोंदलंच जात नाही, १९७२चा दुष्काळ मात्र तपशीलवार सांगता येतो. घरच्यांची फसगत होते ती इथेच : ‘त्यांची स्मरणशक्ती अजून तल्लख आहे हो!’

डॉक्टर पाच शब्द वाचून दाखवतात, म्हणवून घेतात, पाचेक मिनिटं दुसऱ्या कामात गुंतवून पुन्हा विचारतात. नाही आठवला तर ‘एक फूल होतं’ म्हणतात. तेवढ्यावर ‘झेंडू’ आला, तर शब्द नोंदलेला आहे, अडचण तो शोधून काढण्यात आहे. तरीही नाही आला, तर बहुधा नोंदण्यातच. ही परीक्षा घरी घेऊ नये. धास्तावलेला माणूस हमखास चुकतो.

नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला जाते, आजी-आजोबा भाड्याच्या घरात येतात आणि ‘एकदम बिघडलं’ असं वाटतं. बहुतेकदा ते आधीपासून चालू असतं. जुन्या घरात चाळीस वर्षांची सवय निभावून नेते, अंधारातही दिव्याचं बटण सापडतं. नव्या घरात सगळं शिकावं लागतं, आणि नेमकं शिकणंच गेलेलं असतं. नेरूळच्या सेक्टरांत वाट चुकली तर फारसं मनावर घेऊ नये, तिथे तरुणही गोंधळतात. रोजच्या गोखले रोडवर उभं राहून घर कुठल्या बाजूला हे न कळणं वेगळं.

एक-दोन दिवसांतच माणूस बरळू लागला, तर डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) म्हणून बसू नका. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम घटणं, पडल्यावर काही आठवड्यांनी डोक्यात साचलेलं रक्त, असं काहीही असू शकतं. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

सावकाश वाढणाऱ्या विसराळूपणातही आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासतात. शाकाहारी असून मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी सापडणं नेहमीचंच. नैराश्यात लक्षच लागत नाही. कमी ऐकू येणाऱ्याच्या मेंदूपर्यंत समोरच्याचं निम्मं बोलणं पोचलेलंच नसतं. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या, लघवी आवरण्याच्या काही गोळ्या आणि नैराश्यावरचं अॅमिट्रिप्टिलिन ही औषधं आठवणीला लागणाऱ्या अॅसिटिलकोलीन या मेंदूतल्या रसायनाचं काम अडवतात, पण ती स्मृतीवर परिणाम करतात हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तेव्हा जाताना फक्त फाइल नको, डब्यातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्यावीत, आणि सोबत रोज घरात वावरणारं माणूस असावं. पेन्शनचे पैसे दोनदा काढायला जाणं, गॅस तसाच राहणं, हे कधीपासून, तेच सांगू शकतं. रुग्ण ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत असेल तर विशेषच.