वेदनाव्यवस्थापन व ओपिऑइडचा गैरवापर : परिचर्या शिक्षण (बेळगाव सीमाभाग)

रुग्णाचे दुखणे नीट मोजणे, ते वेळच्या वेळी शमवणे आणि त्यासाठी लागणाऱ्या ओपिऑइड म्हणजे अफूवर्गीय औषधांचा गैरवापर ओळखणे, हा नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा भाग आहे. अभ्यासक्रमात वेदना प्रौढांच्या परिचर्येत येते, तर व्यसन मानसिक आरोग्यात. ही फारकत घातक आहे. एकाच गोळीबद्दलचे दोन धडे वेगवेगळ्या वर्षी शिकलेली मुलगी वॉर्डात मॉर्फिनला फक्त घाबरते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी वस्तीच्या पट्ट्यात हा विषय पुस्तकी राहत नाही, याचे एक कारण तंबाखू. निपाणी परिसर तंबाखूचे पीक आणि विडी उद्योग यांसाठी ओळखला जातो. तंबाखू चघळणे, मशेरी लावणे खेडोपाडी चालते. तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण पुष्कळदा उशिरा दाखल होतो, तेव्हा दुखणे साध्या गोळीच्या आवाक्यात राहिलेले नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये मांडलेली तीन पायऱ्यांची शिडी अजूनही शिकवली जाते : पॅरासिटामॉलसारखी औषधे, मग कोडीनसारखी सौम्य ओपिऑइड, मग मॉर्फिन. साध्या मॉर्फिनचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून कर्करोगाच्या सततच्या दुखण्यात ते घड्याळ पाहून द्यायचे. रुग्ण कण्हायची वाट पाहायची नाही. सोबत बद्धकोष्ठतेचे औषध पहिल्या दिवसापासून हवेच. गिळता न येणाऱ्या रुग्णाला गोळी कुटून नळीतून देण्याची वेळ येते. साधी गोळी कुटलेली चालते. बारा तास पुरणारी कुटली तर सगळा डोस एकदम अंगात जातो. ही चूक जिवावर बेतते.

दुखणे मोजायला शून्य ते दहाची पट्टी असते. म्हाताऱ्या माणसांना ती परकी वाटते. ‘आजी, रुपयात किती आणे फरक पडला?’ असे विचारले की ‘आठ आणे’ असे उत्तर चटकन येते. ठणका, कळ, आग, मुंग्या यांतले रुग्ण जे म्हणेल ते तसेच लिहून घ्यावे. आग होते, करंट बसल्यासारखे वाटते, असे सांगणाऱ्याचे दुखणे मज्जातंतूंचे असू शकते आणि तिथे नुसते मॉर्फिन वाढवून भागत नाही. कन्नडभाषक विद्यार्थिनीने हे चार-सहा मराठी शब्द आणि मराठी मुलीने त्यांचे कन्नड प्रतिशब्द शिकून घ्यावेत.

अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीमुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरेशी केली आणि नियम देशभर सारखे झाले. निपाणीकडचे रुग्ण उपचाराला कोल्हापूर-मिरजेलाही जातात. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर डोस, वेळ आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या स्पष्ट असावी.

गैरवापर मात्र खराच आहे. ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचे ओपिऑइड औषध २०१८ मध्ये याच कायद्याखाली आले, ते उगाच नव्हे. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि पेंटाझोसिन या ओपिऑइड वेदनाशामकाची इंजेक्शनेही नशेसाठी वापरली जातात, आणि औषधाचे कपाट हाताशी असलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनाही हा धोका असतो. म्हणून दुहेरी कुलूप, दोन सह्यांचे रजिस्टर, उरलेले औषध साक्षीदारासमोर टाकणे. डोस वाढवावा लागणे किंवा औषध अचानक थांबवल्यावर त्रास होणे म्हणजे व्यसन नव्हे. नुकसान दिसत असूनही औषधाची ओढ न सुटणे, हे व्यसन. मात्रा जास्त झाल्यास आधी गुंगी येते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास मंदावतो. ओपिऑइडचा परिणाम उलटवणाऱ्या नॅलोक्सोनने श्वास सुधारला तरी त्याचा परिणाम मॉर्फिनच्या आधी ओसरतो, म्हणून रुग्णाजवळून हलायचे नाही.

घरी उपचार घेणारा रुग्ण दगावल्यावर उरलेल्या गोळ्या देव्हाऱ्याखाली किंवा कपाटात तशाच पडून राहतात. त्या मोजून, ज्या संस्थेने दिल्या तिथे परत करायला घरच्यांना सांगणे, हेही परिचारिकेकडेच येते.