मानधन घेतले म्हणून लेखावरचा हक्क जात नाही

‘एकदा मानधन स्वीकारले की लेख प्रकाशकाचा झाला’ हा समज मुक्त लेखकांमध्ये वर्षानुवर्षे रूढ आहे आणि त्यामुळे मोबदल्याची बोलणी सुरू होण्याआधीच लेखक माघार घेतो, हे क्लेशदायक आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार साहित्यकृतीचा पहिला हक्कदार लेखकच असतो. अपवाद मुख्यतः नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा आहे; बाहेरून लेख लिहून देणारा नोकर ठरत नाही. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचा दस्तऐवज लागतो. त्यात मुदत नमूद नसेल तर ती ५ वर्षांची, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो.

म्हणूनच दिवाळी अंकाच्या मानधनासोबत सहीसाठी पावती आली, तर ती नीट वाचावी. तिच्यावर ‘सर्व हक्कांसह’ असे बारीक अक्षरांत छापलेले असल्यास, संपादकांशी बोलून ते खोडावे आणि ‘फक्त या अंकातील प्रसिद्धीसाठी’ असे लिहून घ्यावे. ई-आवृत्ती, ध्वनिपुस्तक किंवा अनुवाद हवा असेल, तर त्याचा मोबदला वेगळा ठरवण्यात संकोच कसला?