लाँग आयलंड मोटर पार्कवेचे अवशेष

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, लाँग आयलंड बेटावर १९०८ ते १९३८ या काळात चाललेल्या एका खासगी पथकर-रस्त्याचे आज उरलेले भाग. हा रस्ता व्हँडरबिल्ट पार्कवे या नावानेही ओळखला जातो. केवळ मोटारींसाठी आखलेल्या जगातील अगदी आरंभीच्या रस्त्यांत त्याची गणना होते. बर्लिनचा आव्हुस हा मोटाररस्ता (१९२१) आणि मिलानहून सरोवरांकडे जाणारा इटलीचा मोटारमार्ग (१९२४) हे दोन्ही त्याच्यानंतरचे. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स या भागातून निघून पूर्वेला रॉन्कॉन्कोमा सरोवरापर्यंत तो सुमारे ४५ मैल (७२ किमी) धावत असे. आता तो पूर्ण लांबीचा सलग उरलेला नाही.

रस्त्याचा उगम शर्यतीत आहे. रेल्वे उद्योगातून गडगंज झालेल्या घराण्यातील विल्यम किसम व्हँडरबिल्ट (दुसरा) याने १९०४ मध्ये लाँग आयलंडच्या सार्वजनिक रस्त्यांवर ‘व्हँडरबिल्ट कप’ शर्यत सुरू केली. १९०६ च्या शर्यतीत एक प्रेक्षक मोटारीखाली सापडून मेला आणि लोकांच्या रस्त्यावर शर्यती नकोत, असा सूर वाढला. तेव्हा व्हँडरबिल्टने कंपनी काढून स्वतःचाच रस्ता बांधायला घेतला. १९०८ च्या ऑक्टोबरमधील शर्यत अंशतः या नव्या रस्त्यावर झाली आणि जॉर्ज रॉबर्टसनने लोकोमोबाइल मोटारीतून ती जिंकली. १९१० च्या शर्यतीत दोन मेकॅनिक ठार झाले आणि बेटावरच्या या शर्यती थांबल्या. ज्या हेतूने रस्ता बांधला तो दोन वर्षांतच संपला. पुढची अठ्ठावीस वर्षे तो हौशी मोटारवाल्यांच्या पथकरावर चालला. दारूबंदीच्या काळात चोरटी दारू वाहणाऱ्यांनाही तो सोयीचा वाटे, असे सांगतात.

अवशेषांचे मोल कळायचे तर मूळ बांधणी पाहावी लागते. पोलादाने बळकट केलेल्या काँक्रीटचा पृष्ठभाग, बाहेरची कड उचललेली वळणे, दुतर्फा काँक्रीटच्या खांबांचे कठडे आणि मुख्य म्हणजे आडव्या येणाऱ्या रस्त्यांना व रुळांना वरून किंवा खालून ओलांडणारे पूल. असे सुमारे ६५ पूल बांधले गेले. घोडागाडी किंवा पादचारी मध्ये येणारच नाही, वाट ठरावीक नाक्यांवरच मिळेल, हा विचार तेव्हा अगदी नवा होता. पुढच्या सर्व द्रुतगती मार्गांनी तो उचलला. नाक्यांवरील काही पथकर-घरांचे आराखडे जॉन रसेल पोप या वास्तुविशारदाचे होते. वॉशिंग्टनचे जेफरसन स्मारक त्याच्याच आराखड्यावर उभे आहे. नाकेदार कुटुंबासह या घरांत राहत.

पथकर सुरुवातीला २ डॉलर होता. तो उतरत १९३८ पर्यंत ४० सेंटवर आला, आणि या घसरणीतच रस्त्याचा शेवट दिसतो. राज्यातील उद्याने आणि रस्ते उभारणारा बडा सरकारी अधिकारी रॉबर्ट मोझेस याने उभारलेला नॉर्दर्न स्टेट पार्कवे रुंद होता, गुळगुळीत होता आणि फुकट होता. जुना रस्ता आपल्या जाळ्यात घ्यावा अशी व्हँडरबिल्टची इच्छा मोझेसने मानली नाही. अरुंद आणि तीव्र वळणांचा रस्ता वाढत्या वेगाला पुरणारा नव्हता, हे त्याचे म्हणणे अभियांत्रिकीच्या दृष्टीने खोटे म्हणता येत नाही. १९३८ मध्ये ईस्टरच्या सुमारास रस्ता बंद झाला आणि थकलेल्या करांपोटी त्याची जमीन सरकारकडे गेली.

येथून खरी हानी सुरू झाली. ती कोणा एकाच्या हातून झाली नाही. वारसा तीन ठिकाणी वाटला गेला आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे वेगळे झाले. क्वीन्समध्ये शहराच्या उद्यान विभागाने त्याच वर्षी कनिंगहॅम पार्क ते ॲली पाँड पार्क हा सुमारे अडीच मैलांचा पट्टा सायकलमार्ग म्हणून खुला केला. मोटारींसाठी राखलेला रस्ता सायकलवाल्यांनी वाचवला, यात थोडी गंमत आहे. येथले काही पूल अजून उभे आहेत आणि २००२ मध्ये हा भाग ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेला.

क्वीन्सच्या पूर्वेच्या नॅसॉ काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) सर्वाधिक नुकसान झाले. तेथे पट्टा तुकड्यातुकड्यांनी गेला. काही भागावर विजेचे मनोरे उभे राहिले, काही भाग घरांच्या परसात मिसळला. १९४७ पासून लेव्हिटटाउन ही १७ हजारांहून अधिक घरांची वसाहत उभी राहिली, तिने तर जुन्या मार्गाचा एक भागच पोटात घेतला. रस्त्यांचे रुंदीकरण आले की पूल पाडले जात. त्यांच्याखालून जाणारी वाट अरुंद आणि कमी उंचीची, शिवाय वरून कोणी जात नाही, मग ठेवायचे कशाला? त्या त्या वेळी हा हिशेब बिनतोड होता. पण एकेक पूल असा निघत गेला आणि हा रस्ता इतरांहून वेगळा का होता, याचा पुरावाच निघून गेला. वीजवाहिन्यांखालच्या पट्ट्यांत मात्र इमारती आल्या नाहीत. जपण्याचा कोणाचाच हेतू नसताना झुडपांत काँक्रीटचे तुकडे आणि कठड्याचे खांब तिथेच टिकले.

सफोक काउंटीत मोठा भाग ‘मोटर पार्कवे’ याच नावाने, काउंटी रस्ता क्रमांक ६७ म्हणून आजही वाहता आहे. वरवर पाहता हेच सर्वांत यशस्वी जतन. प्रत्यक्षात रुंदीकरण आणि डांबराच्या थरांखाली मूळ पृष्ठभाग दिसेनासा झाला आहे. उरली आहे ती मुख्यतः आखणी, तिची वळणे आणि नाव. पूर्व टोकाची ‘पेटी त्रियानाँ’ ही खानावळही नाही. उपेक्षेने एक प्रकारे नाश झाला, तर वापराने दुसऱ्या प्रकारे, आणि दुसऱ्या प्रकाराची हळहळ फारशी कोणी करत नाही.

जे उघड्यावर आहे त्याला हवामान खाते आहे. भेगांतून शिरलेले पाणी हिवाळ्यात गोठून फुगते, आतले पोलाद गंजून जागा मागते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. मुळे उरलेले काम करतात. मुळात काँक्रीटचा खांब किल्ल्याच्या बुरुजासारखा नजरेत भरत नाही. परसात आडवा आलेला असा खांब घरमालकाला अडगळ वाटला, तर त्याला दोष देणे कठीण आहे.

कायद्याचा आधारही तोकडा आहे. राष्ट्रीय नोंदवहीतील नोंद क्वीन्सच्या भागापुरती आहे, आणि अशी नोंद झाली तरी संघराज्याचा पैसा किंवा परवाना गुंतलेला नसेल तर खासगी मालकाला पाडकामापासून ती रोखत नाही. त्यामुळे बाकीचे काम स्थानिक अभ्यासक आणि जतन मंडळींवर पडले आहे: जुने नकाशे आजच्या नकाशांवर बसवणे, पुलांच्या जागा नोंदवणे, नॅसॉतील तुटक पट्टे पायवाटेने जोडण्यासाठी पाठपुरावा करणे. गार्डन सिटीचे पथकर-घर १९८९ मध्ये मूळ जागेवरून हलवले गेले आणि तेथील व्यापारी मंडळाचे कार्यालय झाले. घर त्यामुळे वाचले. ज्या रस्त्यासाठी ते बांधले होते, तो मात्र आता त्याच्या दारात नाही.